पात्याचे नाव आणि पात्याचे काम

एका परिचितांनी बालीच्या सहलीहून आणलेले एक खंजिरासारखे हत्यार काही महिन्यांपूर्वी माझ्यापुढे ठेवले. नागमोडी पाते, त्यावर लाटांसारखी चंदेरी नक्षी, कोरीव लाकडी मूठ, आणि बरोबर इंग्रजीत छापलेले प्रमाणपत्र : वय पाचशे वर्षे, घडण उल्केच्या लोखंडाची. शिवाय त्यांनी एक जाडजूड सचित्र कोशही आणला होता. त्यातल्या एका चित्रावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे पाहा, हुबेहूब. जावाचा क्रिस, अकरा वळणांचा. आता तुम्ही फक्त हो म्हणा. तुमचा तर विषयच धातूंचा."

ज्यांनी क्रिस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जावा, बाली, सुलावेसी, मलाया या भागांतले हे भोसकण्याचे दुधारी हत्यार. पाते मुठीपाशी एका बाजूला रुंद झालेले असते. ते सरळ असते किंवा नागमोडी, आणि नागमोडी असेल तर वळणांची संख्या विषम धरली जाते. चांगल्या क्रिसच्या पात्याची रचना सँडविचसारखी असते. मध्ये पोलादाची पट्टी, आणि तिच्या दोन्ही अंगांना साधे लोखंड व निकेलयुक्त लोखंड यांचे एकाआड एक थर, तापवून ठोकून एकजीव केलेले. हे थर दुमडून, पिळून, खाचा पाडून पुन्हा ठोकले की पृष्ठभागावर नक्षी उमटते. तिला पामोर म्हणतात. पाते धारेकडे पातळ करत नेले की थर एकेक करून संपतात आणि मधले पोलाद उघडे पडते. तिरप्या कापलेल्या प्लायवुडच्या कडेला जशा रेषा दिसतात, तशा रेषा तेथे दिसल्या पाहिजेत.

भिंगातून पाहिले तर तशा रेषा नव्हत्या. नक्षी काही भाग झाकून उरलेल्यावर आम्ल लावून काढलेली होती आणि नखालाही तिचा खोलगटपणा लागत होता. मुठीजवळ पात्याला आडवा बसणारा एक तुकडा असतो, त्याला जावात गोंजो म्हणतात. तो बहुधा वेगळा घडवून बसवलेला असतो. येथे त्याच्या जागी नुसती एक चीर ओढली होती. काही अस्सल क्रिसमध्ये गोंजो पात्यातूनच काढलेला असतो, म्हणून सांधा नसणे हा एकटा पुरावा पुरत नाही. पण जेथे सांधा नाही तेथे सांध्याची रेघ ओढणे हे सोंगच. थोडक्यात, ते पोलादी पत्र्यातून कापून काढलेले क्रिसचे चित्र होते.

परिचितांना वाईट वाटले. तरी त्यांचा शेवटचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. ते म्हणाले, "पण पुस्तकाशी तर तंतोतंत जुळते!" जुळत होतेच. नक्कल करणाऱ्यानेही तसलेच पुस्तक समोर ठेवले असणार.

म्हणून या लेखाचा विषय तो पत्र्याचा क्रिस नाही. आग्नेय आशियातील जुनी पाती ओळखण्यासाठी संग्राहकांच्या हातात जी पुस्तके असतात, ती नेमके काय ओळखायला शिकवतात, हे मला तपासायचे आहे. ब्रह्मदेशापासून फिलिपीन्सपर्यंतच्या या प्रदेशातली हत्यारे व अवजारे गेली दोनशे वर्षे युरोप-अमेरिकेत गोळा होत आली आहेत. त्यांच्यावर लिहिणारे प्रथम अधिकारी होते, मग संग्राहक, मग वस्तुसंग्रहालयांतले अभ्यासक. १८११ ते १८१६ या काळात जावाचा कारभार पाहणाऱ्या रॅफल्सने १८१७च्या आपल्या जावाच्या इतिहासात क्रिसच्या निरनिराळ्या आकारांची चित्रे छापली. तेव्हापासून एक सवय पडली : पात्यांची बाह्यरेषा काढायची, रांगेने मांडायची आणि प्रत्येकीखाली नाव घालायचे.

या सवयीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे जॉर्ज कॅमेरॉन स्टोन यांचा १९३४ सालचा शस्त्रकोश. सर्व देशांतली व सर्व काळांतली शस्त्रे एका खंडात घालण्याची त्यांची प्रतिज्ञा होती, आणि ती त्यांनी बरीचशी पाळली. हजारो नोंदी, शेकडो छायाचित्रे. स्टोन यांचा संग्रहही मोठा होता आणि तो पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला मिळाला. एका माणसाने एका जन्मात एवढे काम करावे याचे कौतुक वाटते, आणि आजही हा कोश हाताशी लागतो. पण त्याची मांडणी वर्णानुक्रमे आहे. दक्षिण फिलिपीन्समधल्या मोरो लोकांची बारोंग ही पानाच्या आकाराची आखूड तलवार एका टोकाला, आणि त्याच लोकांची कांपिलान ही लांब तलवार कितीतरी पानांनंतर. मध्ये जपान, तुर्कस्तान, कांगो. आंबा आणि आवळा दोन्ही 'आ'पासून सुरू होतात म्हणून वनस्पतिशास्त्राचे शिक्षक त्यांना एका कुळात घालत नाहीत. शस्त्रांच्या बाबतीत मात्र ही मांडणी अजून चालते.

गंमत अशी की याआधी चोपन्न वर्षे, १८८० साली, विल्ब्रॅहम इजर्टन यांनी लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या शस्त्रांची सूची केली होती. तिच्यात हिंदुस्थानबरोबर ब्रह्मदेश, सयाम आणि मलाय बेटांतली शस्त्रेही आहेत, आणि मांडणी प्रदेश व लोकसमूह यांना धरून आहे. सूची साम्राज्याच्या सोयीसाठी झाली हे खरे. तरीही शेजारी शेजारी राहणाऱ्यांची पाती तेथे शेजारी शेजारी सापडतात. शोधायला सोपी मांडणी आणि समजायला सोपी मांडणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत; संग्राहकांनी पहिली निवडली. व्हान झोनेफेल्ट यांचा इंडोनेशियाच्या पारंपरिक शस्त्रांवरील २००१चा कोश याहून पुष्कळ काटेकोर आहे. कोणते नाव कोणत्या बेटावर चालते हे तो सांगतो, आणि ही जमेची मोठी बाजू आहे. पण तोही वर्णानुक्रमेच.

मला अधिक खटकते ते निराळेच. स्टोन पेशाने खाण-अभियंता आणि धातुतज्ज्ञ होते. धातूचा जाणकार शस्त्रांचा कोश लिहितो आणि तरीही ओळखीचा मुख्य आधार बाह्यरेषा हाच ठेवतो! पाते किती जाड आहे, जाडी मुठीकडून टोकाकडे कशी उतरते, छेद कसा आहे, पोलाद कोठे घातले आहे, झीज कोठे झाली आहे, हे चित्रात दिसत नाही. म्हणून ते पुस्तकात येत नाही. म्हणून वाचक ते पाहायला शिकत नाही.

आणि नावांचे तरी काय? ब्रह्मदेशात 'धा' म्हणजे पाते असलेले जवळजवळ काहीही. भाजी चिरायची सुरी धा, बांबू तोडायचा कोयता धा, सैनिकाची तलवारही धा. मलाय भाषेतला 'पारांग' आणि फिलिपीन्समधला 'बोलो' ही नावेही अशीच ऐसपैस आहेत. एखादा परदेशी माणूस आपल्याकडे आला, त्याने शेतकऱ्याच्या हातातल्या वस्तूकडे बोट दाखवून "हे काय?" असे विचारले आणि "कोयता" हे उत्तर वहीत टिपले, तर त्याला ऊसतोडीचा कोयता, नारळ सोलायचा कोयता आणि लाकूडफाट्याचा कोयता यांतला फरक कळला असे होत नाही. त्याला एक शब्द मिळाला, इतकेच. कोशातल्या कित्येक 'प्रकारां'मागे असाच एखादा प्रश्न आणि असेच एखादे सरळ उत्तर असावे, असे मला वाटते.

जेराल्ड गार्डनर यांचे १९३६ साली सिंगापूरला निघालेले क्रिस व इतर मलाय शस्त्रांवरचे पुस्तक या दृष्टीने वेगळे आहे. गार्डनर मलायात सरकारी नोकरीत होते. त्यांनी वस्तू जेथे वापरात होत्या तेथेच त्या पाहिल्या आणि वापरणाऱ्यांशी बोलून लिहिले. त्यामुळे शस्त्र कसे धरतात, कोठे खोचतात, याविषयी त्यांची पाने जिवंत वाटतात. अर्थात जादूटोण्याच्या गोष्टी आल्या की त्यांचे भान सुटते. पुढे इंग्लंडात परतल्यावर याच गृहस्थांनी आधुनिक चेटूकपंथ उभा केला, हे कळल्यावर त्याचे आश्चर्य वाटेनासे होते.

आता बाह्यरेषेपलीकडे पाहिले तर काय हाती लागते, याचे एक उदाहरण. बोर्निओच्या दायाक लोकांचा मांदाऊ संग्राहकांना फार प्रिय. नरमुंडांची शिकार करणाऱ्यांचे हत्यार म्हणून तो विकला जातो आणि केसांचे झुबके, हाडाची कोरीव मूठ यांवर किंमत ठरते. पण मांदाऊचे खरे वैशिष्ट्य छेदात आहे. पात्याची एक बाजू किंचित फुगीर असते आणि दुसरी किंचित खोलगट. सुताराची पटाशी एका अंगाने सपाट आणि दुसऱ्या अंगाने उतरती असते, म्हणून ती लाकडात एका बाजूला वळत शिरते. तसेच काहीसे येथे होते. उजव्या हाताने तिरपा घाव घातला की पाते आत धसते आणि ढलपी बाहेर उडते. उलट बाजूने घाव घातला तर ते निसटते. म्हणजे हे पाते हाताळणाऱ्याचा हात सांगते. डावखुऱ्यासाठी फुगीर-खोलगट बाजू उलट करून घडवलेले मांदाऊही आढळतात. शिवाय म्यानाला एक लहान पात्याची, लांब दांड्याची सुरी जोडलेली असते. वेत सोलायला, कोरीव काम करायला ती लागते. जंगलात झाड तोडणारा, वाट काढणारा, वेत सोलणारा माणूस या जोडीतून समोर उभा राहतो. तो लढतही असे, यात शंका नाही. पण वर्षातले किती दिवस?

हाच प्रश्न फिलिपीन्समधल्या बोलोबद्दल विचारला पाहिजे. बोलो हा शेतकऱ्याचा कोयता. १८९६च्या स्पेनविरुद्धच्या उठावात बंदुका थोड्या होत्या, म्हणून कातिपुनान संघटनेचे लोक बोलो घेऊन लढले. २८ सप्टेंबर १९०१ रोजी सामार बेटावरच्या बालांगिगा गावात लोकांनी बोलोंनीच अमेरिकी तुकडीवर हल्ला केला. त्यानंतर अमेरिकी सैन्याने जो सूड घेतला तो इतिहासात नोंदला आहे. गावातल्या चर्चच्या घंटाही सैनिकांनी नेल्या आणि त्या २०१८च्या डिसेंबरात परत आल्या. त्या काळात सैनिकांनी आठवण म्हणून पुष्कळ बोलो घरी नेले. नेणाऱ्याच्या दृष्टीने ते शस्त्र होते; त्याच्या घरच्या भिंतीवर ते शस्त्र म्हणून लागले; नातवंडांनी ते शस्त्र म्हणून विकले. सूचीत नोंद झाली ती शस्त्र म्हणून. शेतकऱ्याने त्या पात्याने किती वर्षे काय कापले, हे सांगणारी धारेवरची झीज मात्र विकण्यापूर्वी चकचकीत करताना घासून गेली.

याच्या उलट गोष्ट क्लेवांगची. सुमात्रातल्या आचेमध्ये डचांचे युद्ध कित्येक वर्षे चिघळले, आणि दाट झाडीत लांब बंदुकीपेक्षा स्थानिक पद्धतीचे एकधारी आखूड पाते बरे, असे वसाहती सैन्याच्या ध्यानात आले. त्याचा १८९८चा ठरावीक नमुना युरोपातल्या कारखान्यांत तयार झाला. अमेरिकी नौदलाची १९१७ची तलवार याच नमुन्यावरून घेतली. स्थानिक नाव, युरोपी पोलाद, पितळेऐवजी लोखंडी मूठसंरक्षक, वर कारखान्याचा शिक्का! बाजारात हे कधी कधी 'जुने इंडोनेशियन शस्त्र' म्हणून पुढे येते. शिक्का वाचायचे कष्ट घेतले तर पाच मिनिटांत उलगडा होतो.

शस्त्र या शब्दाच्या चौकटीत जे बसत नाही ते तर पुस्तकांच्या बाहेरच राहते. मला त्यातली सर्वांत मोलाची वस्तू वाटते ती जावाची अनी-अनी. तळहातात मावेल एवढी लाकडी फळी, तिच्या कडेला काही सेंटिमीटरचे पाते आणि आडवा घातलेला बांबूचा तुकडा. फळी बोटांमध्ये धरून भाताची एकेक लोंबी खुडायची. धान्यदेवता देवी श्रीला पाते दिसू नये, ती भिऊ नये, म्हणून ते मुठीत लपवायचे, असे जावात सांगतात. श्रद्धा बाजूला ठेवली तरी या पद्धतीला शेतीचे स्पष्ट कारण होते. जुन्या उंच जातींच्या लोंब्या एकाच वेळी पिकत नसत. पिकलेली तेवढी खुडायची आणि जुड्या बांधून साठवायची. आपल्याकडे ज्वारीची कणसे खुडतात, त्याची आठवण व्हावी.

१९६० नंतरच्या दशकात ठेंगण्या, जास्त उत्पन्नाच्या, एकदम पिकणाऱ्या जाती आल्या. त्यांचे दाणे लवकर झडतात आणि त्या बुंध्याशी विळ्याने कापणे सोयीचे पडते. जावात १९७०च्या दशकात विळा पसरला. त्याबरोबर पीक उभे असतानाच व्यापाऱ्याला विकायचे आणि त्याने आपली मोजकी माणसे आणून कापणी करायची, ही पद्धतही वाढली. अनी-अनी घेऊन शेतात येणाऱ्या आणि हिश्शाने भात मिळवणाऱ्या मोठ्या संख्येच्या बायकांचे काम त्यामुळे गेले. जावाच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेवर लिहिणाऱ्यांनी हा बदल तपशिलाने नोंदला आहे. हरितक्रांतीचा धडा वर्गात शिकवताना या चिमुकल्या पात्याइतके बोलके उदाहरण मिळणे कठीण. पण पाती ओळखण्याच्या पुस्तकांतून तिला जागा नाही, कारण तिने कोणाला मारले नाही.

आता त्या प्रमाणपत्रातल्या उल्केकडे वळतो. संग्राहकांच्या बोलण्यात पामोर म्हणजे आकाशातले लोखंड, हे समीकरण पक्के झाले आहे. त्यामागे एक खरी घटना आहे. मध्य जावातील प्रंबानन येथे सापडलेल्या लोखंडी उल्केचा मोठा तुकडा अठराव्या शतकाच्या अखेरीस सुराकार्ताच्या राजवाड्यात नेण्यात आला, आणि तिचे लोखंड काही क्रिससाठी वापरले गेले. पण काही क्रिस उल्केचे, यावरून सगळे उल्केचे असे ठरत नाही. शिकागोच्या फील्ड म्युझियममधले बेनेट ब्रॉन्सन यांनी १९८७ साली यावर एक निबंध लिहिला. क्रिसमधले निकेल बहुतांशी पृथ्वीवरचेच असावे, आणि सुलावेसीतल्या लुवू भागातले निकेलयुक्त लोखंड हा त्याचा संभाव्य उगम, असे त्यांनी मांडले. सुलावेसीत निकेलच्या खाणी आजही चालतात. या विषयावरचे मला सर्वांत आवडलेले लेखन हेच, कारण ते पात्याला 'तू कोण?' असे न विचारता 'तुझ्यातले निकेल कोठून आले?' असे विचारते.

विद्यार्थ्यांना यातले तर्कशास्त्र दाखवण्यासारखे आहे. लोखंडी उल्केत निकेल असतेच, साधारणपणे पाच टक्क्यांहून अधिक. म्हणून पात्यात निकेल नसेल तर उल्केचा दावा खोटा. पण निकेल असेल तर? डायमिथाइल ग्लायॉक्झाइमने लाल साका आला की निकेल आहे एवढेच कळते; ते उल्केचे, लुवूचे की युरोपातल्या कारखान्याचे, हे कळत नाही. कारखान्याची शक्यता खरी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी योग्यकर्ताचे डच डॉक्टर इसाक ग्रोनेमन यांनी तेथल्या लोहाराकडून युरोपातून आलेले निकेल वापरून पामोर घडवून घेतले होते. उल्केचा छेद घासून आम्लाने उठवला की एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची जी जाळी दिसते, तीही येथे उपयोगी नाही. ती जाळी लक्षावधी वर्षे अतिमंद गतीने थंड होताना तयार होते आणि भट्टीत तापवून ठोकले की मोडते. म्हणजे उल्केची ओळखीची खूण लोहार स्वतःच पुसून टाकतो. उरते ते सूक्ष्म प्रमाणातल्या इतर मूलद्रव्यांचे विश्लेषण, आणि त्याला सुसज्ज प्रयोगशाळा हवी. दुकानदाराच्या प्रमाणपत्रामागे ती नसते.

पामोर उठून दिसण्यासाठी जावात पाते लिंबाच्या रसाने स्वच्छ करून सोमलाच्या द्रावणाने धुतात. साधे लोखंड काळवंडते, निकेलयुक्त थर चमकत राहतात. सोमल म्हणजे आर्सेनिकचे विषारी संयुग. शिक्षकांनी हा प्रयोग शाळेत मुळीच करू नये, आणि एखादा अस्सल जुना क्रिस हातात आलाच तर नंतर हात साबणाने धुवावेत. जावातले जाणकार पात्याचा काळ व प्रदेश ठरवण्याच्या कसबाला 'तांगुह' म्हणतात. या शब्दाचा अर्थच मुळी अंदाज. युरोपी सूचीत उतरताना त्या अंदाजाचे शतक होते, आणि लिलावाच्या पत्रकात त्याचे निश्चित वर्ष.

लोखंड कोठूनही येऊ शकते, याची एक मजेदार गोष्ट वॉलेसने सांगितली आहे. हा वॉलेस म्हणजे डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचे तत्त्व मांडणारा. मलाय द्वीपसमूहावरच्या १८६९च्या पुस्तकात तो लोंबोकच्या एका राजाची कथा देतो. गावोगावचे अधिकारी तांदळाचा कर खातात असा राजाला संशय होता. त्याने जाहीर केले की रोगराईपासून रक्षण करणारे पवित्र क्रिस घडवायचे आहेत, म्हणून प्रत्येक गावाने माणशी एक सुई पाठवावी. भीतीने कोणी सुया कमी पाठवल्या नाहीत. राजाने सुया मोजल्या आणि शिरगणती झाली! कथा कितपत खरी ते असो. क्रिसकडे त्याच्या बाह्यरेषेपुरते पाहणाऱ्याला अशी गोष्ट कधीच भेटत नाही.

घडणीकडे पाहायला शिकवणारे पुस्तक नाहीच असे नाही. गॅरेट व ब्रॉन्विन सोल्योम यांचे १९७८ साली होनोलुलूहून निघालेले जावाच्या क्रिसवरचे छोटे पुस्तक मी कोणालाही आधी वाचायला देईन. ते वस्तूला लोहाराच्या बाजूने पाहते. आणि त्याहून जुना, दगडात कोरलेला एक पाठही उपलब्ध आहे. मध्य जावात लावू पर्वताच्या उतारावर पंधराव्या शतकातले सुकुह मंदिर आहे. तेथल्या एका शिल्पपटात लोहारशाळा दाखवली आहे. डावीकडे पाते घडवणारा लोहार, त्याला बहुतेक अभ्यासक भीम मानतात. मध्ये नाचणारा हत्तीच्या तोंडाचा गणेश. उजवीकडे भाता चालवणारा अर्जुन. आपल्या ओळखीचे तिघे, पण भाता आपला नाही. आपल्याकडचा भाता चामड्याचा. येथे अर्जुन दोन उभ्या नळकांड्यांमधले दट्टे आळीपाळीने वरखाली करतो आहे. बांबूच्या किंवा लाकडाच्या नळकांड्या आणि पिसे लावून हवाबंद केलेले दट्टे असा हा पंप आग्नेय आशियात सर्वत्र आढळतो. एकाचा दट्टा वर जात असता दुसऱ्याचा खाली येतो, त्यामुळे वाऱ्याचा झोत खंडत नाही. महाभारतातली पात्रे भारतातून गेली, भट्टीचे तंत्र तेथलेच राहिले. लोहाराच्या आजूबाजूला घडवलेल्या वस्तूही मांडलेल्या दिसतात. शिल्पकाराने त्यांना नावे दिलेली नाहीत; त्या कशा घडतात ते दाखवले आहे.

ओळख पटवण्याचा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही, तो एका राष्ट्राच्या स्मृतीचा होतो, याचे अलीकडचे उदाहरण राजपुत्र दीपोनगोरो यांच्या क्रिसचे आहे. पेशवाई बुडून सात वर्षे झाली होती, तेव्हा म्हणजे १८२५ साली जावात डचांविरुद्ध त्यांनी युद्ध पुकारले. ते पाच वर्षे चालले. मार्च १८३०मध्ये वाटाघाटीसाठी बोलावून त्यांना पकडण्यात आले. त्यांचा एक क्रिस कर्नल क्लेरेन्समार्फत १८३१ साली डच राजा पहिला विलेम याच्याकडे गेला, राजाच्या वस्तुसंग्रहात पडला, आणि तो संग्रह १८८३ साली मोडल्यावर लायडनच्या संग्रहालयात आला. तेथे इतर क्रिसमध्ये तो हरवला. क्रिस होता, पण त्याची ओळख हरवली होती.

अनेक वर्षांच्या शोधानंतर अभ्यासकांनी एका क्रिसवर बोट ठेवले, ते कागदपत्रांच्या आधारे. त्यांत दीपोनगोरोंचे सेनानी सेन्तोत यांची साक्ष आहे, आणि त्या काळी नेदरलँड्समध्ये असलेले जावाचे चित्रकार रादेन सालेह यांची टीप आहे. त्या टिपेत क्रिसचे नाव नागा सिलुमान असे आहे. मार्च २०२०मध्ये राजे विलेम-अलेक्झांडर यांच्या भेटीच्या वेळी हा क्रिस इंडोनेशियाला परत दिला गेला. लगेच इंडोनेशियातल्या काही जाणकारांनी शंका घेतली. नागा सिलुमान या प्रकारात नागाचे डोके दिसते आणि अंग पात्यात अदृश्य होते. परत आलेल्या क्रिसवर तर नागाचे अंग दिसते, मग हे नाव कसे?

या वादात माझा कौल कागदांच्या बाजूने आहे, पण अर्धाच. वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, याची साखळी कागदावर टिकली नसती तर हा क्रिस ओळखूच आला नसता. आकारावरून कोणीही हे ठरवू शकले नसते. मात्र आकारावरून घेतलेली शंका मोडीत काढणेही बरोबर नाही. रादेन सालेह यांनी प्रकाराचे नाव लिहिले, की त्या एका क्रिसला दिलेले विशेषनाम लिहिले? जावात मानाच्या क्रिसला माणसासारखे स्वतःचे नाव असते, आणि ते प्रकाराच्या नावाशी जुळलेच पाहिजे असे नाही. कोशांनी आपल्याला एकच नाव पाहायची सवय लावली, म्हणून हा फरक चटकन सुचत नाही. २०२३च्या जुलैमध्ये नेदरलँड्सने आणखी ४७८ वस्तू परत द्यायचे ठरवले. त्यांतल्या ६ श्रीलंकेच्या, बाकी इंडोनेशियाच्या. बालीतल्या क्लुंगकुंगचा एक क्रिसही त्यांत आहे. त्या परत देताना प्रश्न विचारला गेला तो 'ही येथे कशी आली?' हा.

संग्राहकांना सांगायचे ते यातूनच निघते. जुने पाते हातात आले तर पहिल्या दिवशी ते घासू नका. गंज थांबवण्यापुरते कोरडे करून हलके तेल पुसा. मूठ सैल असेल तर तशीच ठेवा. म्यानाला चिकटलेला मळका कागद, दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, जुन्या मालकाने शाईने लिहिलेला आकडा, हे काढून टाकू नका. वजन करा, दर पाच सेंटिमीटरवर जाडी मोजा, धारेची झीज काढून ठेवा. कोठून, केव्हा, कोणाकडून, किती पैशांना, हे त्याच दिवशी लिहा. नाव सर्वांत शेवटी, आणि पेन्सिलीने.

मापनाचा हा भाग शाळेतही करता येईल. त्यासाठी जावाला जायला नको. घरचे विळे, कोयते, खुरपी, अडकित्ते मुलांना आणायला सांगावे. धार शिक्षकांनी कापडाने बांधून घ्यावी. नवा विळा आणि दहा वर्षे वापरलेला विळा यांची बाह्यरेषा एकाच कागदावर काढली की झीज कोठे होते ते दिसते. वापरणारा डावखुरा आहे का, हे मुलांनी आधी पात्यावरून सांगावे आणि मग घरी जाऊन विचारावे. बरेचदा चुकेल. चुकले की का चुकले, ते वहीत लिहावे.

परिचितांनी तो पत्र्याचा क्रिस अखेर मलाच देऊन टाकला. मी त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे : पोलादी पत्रा, नक्षी आम्लाने काढलेली, बाली येथे प्रवाशांसाठी तयार, खरेदीची तारीख आणि रुपयांत किंमत. प्रमाणपत्र टाकून दिले नाही. तेही त्याच दोऱ्यात आहे.